कोणत्या खांद्यावर

"ठरलं का तुझं?" झारी कलती करत आप्पांनी विचारलं.

माझे वडील मुलींच्या खो-खो संघाचे प्रशिक्षक होते, आणि मैदानावर पाणी मारायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. खो-खोची माती किती भिजवायची हे फक्त आपल्यालाच कळतं असं त्यांचं ठाम मत होतं. माती कमी भिजली की धूळ उडते आणि जास्त भिजली की पोरी घसरतात. शनिवार होता. तासगावचं मैदान सकाळच्या उन्हात अर्धं ओलं, अर्धं कोरडं दिसत होतं, आणि दुपारी त्याच मैदानावर जिल्ह्याची अंतिम लढत होती. आमच्या पोरी विरुद्ध मिरजेच्या.

"अजून नाही," मी म्हटलं.

"सोमवारी पुण्यात सांगायचंय ना?"

"हो."

"मग त्यात ठरवायचं काय? मनाची डॉक्टर. मी पोस्टात, बँकेत, सगळीकडं सांगून बसलोय."

मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत होते आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. सुट्टीनंतर शाखा निवडायची होती. चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक. त्या वर्षी खेळाचं मानसशास्त्रही पहिल्यांदाच सुरू होणार होतं, पण त्याला नाव द्यायला कुणी पुढे आलं नव्हतं. आमच्या पेठेबाई वर्गात म्हणाल्या होत्या, "माणूस शाखा पुस्तकातून निवडत नाही. ती घरून घेऊन येतो." माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीचा भाऊ अडखळत बोलायचा, तिनं समुपदेशन घेतलं. एकाची आई वर्षानुवर्षं खाटेवरून उठत नव्हती. तो चिकित्सेला गेला. मी फार शोधलं. आमच्या घरात कुणी आजारी नव्हतं. वेड म्हणावं तर एकच होतं, खो-खोचं, आणि त्यावर उपचार नव्हते.

मीही लहानपणी दोन वर्षं खेळले होते. पाय बरे होते, पण आवाज लहान. मी खो द्यायची आणि पंचांना ऐकूच जायचा नाही. आप्पा म्हणायचे, "मनातला खो चालत नाही, वैजू. तोंडानं म्हणावा लागतो." शेवटी मी खेळ सोडून पुस्तकं धरली. आप्पा मला कधी बोलले नाहीत.

"नसीमला बसवताय का आज?" मी विषय बदलला.

त्यांनी झारी खाली ठेवली. "बसवतोय. बाहेर."

नसीम अत्तर ही त्यांच्या संघातली सगळ्यात चपळ पोर. बसस्टँडजवळ तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिला फक्त एक खोड होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर पुढचीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे धावते आणि मोक्याच्या क्षणी बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते. मग ती उठते, आणि थाप मारणारी तिच्या जागी बसते. थाप पडायच्या आधी उठलं की फाऊल. नसीम आधी उठायची. दर वेळी नाही. नेमकी सामना रंगात आला की. उपांत्य लढतीत तिच्यामुळं हातातला डाव जाता जाता राहिला होता.

आप्पांनी सगळं करून पाहिलं होतं. मनात आकडे मोजायला लावले, सराव संपल्यावर उन्हात बसवून ठेवलं, "दगड हो दगड" म्हणून ओरडले. "काळीज ताब्यात नाही पोरीचं," ते म्हणाले. "आज राज्याच्या संघासाठी निवड करणारी माणसं येणार आहेत. पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही. मला काय आनंद आहे होय तिला बाहेर ठेवण्यात?"

"मी बोलू तिच्याशी?"

"बोल. तुझं शिक्षण कशाला हाय मग?"

नसीम खांबाला टेकून बुटाची नाडी बांधत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि पुस्तकात वाचलं होतं तसं, हळूच सुरुवात केली. झोप लागते का? घरी सगळं ठीक आहे का? वडील रागावतात का? सामन्याआधी छातीत धडधडतं का?

ती थोडा वेळ उत्तरं देत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही पोलिसागत विचारायलाय. माझा बाप मला पंक्चर काढायलासुद्धा लावत नाही. मी झोपतो बी आणि जेवतो बी."

"मग आधी का उठतेस?"

"मी काय मुद्दाम उठतो व्हय? मला कळतं की, आता येणार म्हणून."

"कसं कळतं?"

"पायावरनं." तिनं अगदी सहज सांगितलं. "कल्पी थाप मारायच्या आधी एक पाऊल आखूड टाकती. सगळ्याच टाकतात. कुणाचं आखूड पडतं, कुणाचं जड. तेवढं ऐकलं की माझं अंग उठतंच. मग कधी कधी समोरची पळणारी ऐनवेळी वळती, कल्पी मला सोडून पुढं जाती, आणि मी उभा."

कल्पना आमची कप्तान. मी तिला हाक मारली. नसीमला डोळे मिटून बसवलं आणि कल्पनाला तिच्या मागून धावायला सांगितलं. "वाटलं तर थाप मार, वाटलं तर पुढं जा. नसीम, थाप येणार असं वाटलं की नुसता हात वर कर."

कल्पना आली. हात वर गेला आणि त्यानंतर थाप पडली. परत आली, हात वर, मग थाप. तिसऱ्या वेळी कल्पना न थांबता पुढं निघून गेली. नसीमचा हात मांडीवरून हललासुद्धा नाही. मी आणखी दोघी-तिघींना धावायला लावलं. तेच झालं. थापेच्या आधी, प्रत्येक वेळी आधी, तो हात वर जात होता.

ज्या गोष्टीला सगळे भित्रेपणा म्हणत होते, ती भीती नव्हतीच. तिला इतरांपेक्षा जास्त ऐकू येत होतं आणि ते तिला आवरत नव्हतं.

"ताई, बरं वाटंना का?" कल्पनानं विचारलं. मी बहुतेक तोंड उघडं टाकून उभी होते.

मला आमची प्रयोगशाळा दिसत होती. एक लाकडी पेटी, तिच्यावर दिवा, खाली बटण. दिवा लागला की बटण दाबायचं, किती वेळ लागला ते मोजायचं. काही मुलं दिवा लागायच्या आधीच दाबायची. सर त्यांचे आकडे खोडायचे आणि 'उतावळी' म्हणून पुढं जायचे. पण त्याच पेटीवर दुसरा एक प्रयोग होता. दोन दिवे, लाल आणि हिरवा, दोन बटणं. लालला डावं, हिरव्याला उजवं. त्यात कुणीच आधी दाबत नसे. एरवी उतावळी असणारी मुलंसुद्धा थांबायची. कारण कोणतं दाबायचं हे दिवा लागल्याशिवाय कळणारच नव्हतं.

मी आप्पांकडे अक्षरशः पळत गेले. ओल्या मातीत चप्पल रुतून राहिली ती तशीच सोडली.

"आप्पा, तिला थांब म्हणून ती थांबणार नाही. थांबायला कारण द्यायला हवं."

"म्हणजे?"

"थाप पाठीच्या मधे मारायची नाही. खांद्यावर मारायची. डाव्या खांद्यावर पडली तर डावीकडं पळायचं, उजव्या पडली तर उजवीकडं. पायाच्या आवाजावरून थाप येणार हे तिला कळेल, पण कोणत्या खांद्यावर हे कळणार नाही. ते कळेपर्यंत तिला बसावंच लागेल."

"खो-खो हाय का कवायत?" आप्पा म्हणाले. "अगं, उठल्यावर कुठं वळायचं हे ती समोर बघून ठरवती. आणि खांदा ओळखण्यात क्षण गेला म्हणजे?"

"फाऊलमध्ये किती जातो?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग नसीमकडं, मग परत माझ्याकडं. त्यांची ही सवय मला ठाऊक होती. मनातल्या मनात ते सगळं मैदान मांडत होते. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली.

पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. नसीम उठायची आणि अर्धवट उभी राहून विचारायची, "कुठला?" नंतर इतकी थांबायला लागली की कल्पना "अगं, दिला की खो, का आमंत्रण पत्रिका देऊ?" म्हणून तिच्या कानाशी ओरडली. एकदा कल्पना स्वतःच डावं-उजवं विसरली, नसीम खांबाकडं पळाली आणि पळणारी दुसऱ्या टोकाला उभी राहून टाळ्या वाजवत होती. पोरी हसून मातीत बसल्या. आप्पा हसले नाहीत. ते चवड्यांवर बसून फक्त नसीमच्या टाचा बघत होते.

मग कधीतरी ते जमलं. नक्की कधी ते सांगता येत नाही. कल्पना मागून आली, तिचं पाऊल आखूड पडलं, नसीमची मान किंचित ताठ झाली, पण टाचा जमिनीवरच. थाप उजव्या खांद्यावर पडली आणि नसीम उजवीकडं सुटली. पुन्हा तेच. एकदा कल्पना हुलकावणी देऊन पुढं गेली. नसीम बसून राहिली आणि तिच्याच लक्षात आलं की आपण बसलोय. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"दुसऱ्या डावात बघू," आप्पा एवढंच म्हणाले. पण घरी जाताना लूनावर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "हे तुमच्या त्या मनाच्या डॉक्टरकीत शिकवतात?"

"नाही. हे वेगळं. पुढं हे खेळाच्या शाखेत येणार आहे, पण ती कुणी घेत नाही."

"का?"

"नोकऱ्या नाहीत म्हणतात."

"असं होय," ते म्हणाले आणि पेडल मारलं.

दुपारी मैदानाला जत्रेचं रूप आलं. शाळेची बाकं मांडली होती, ती भरल्यावर लोक कंपाउंडच्या भिंतीवर चढले. नसीमचे वडील हाताचं ग्रीस पुसायचं विसरून आले होते. निवड करणारी माणसं टेबलाशी बसली होती, चहा पीत, कुणाकडंच न बघता.

मिरजेच्या संघात कोठावळे नावाची उंच मुलगी होती. ती पळायला लागली की पाठलाग करणारी तिच्यामागे नाही, उलट तीच सगळ्यांना फिरवतेय असं वाटायचं. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो. नसीम बाहेर, बाकाच्या टोकाला, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. दुसऱ्या डावात आम्ही पळालो आणि बऱ्यापैकी सावरलं. शेवटची पाळी पाठलागाची होती. बरोबरीला एक गडी हवा होता, जिंकायला दोन.

आप्पांनी नसीमला बोलावलं. "काय करायचं?"

"खांद्याची वाट बघायची, सर."

"आणि?"

"आणि काय नाही."

"जा."

ती खांबापासून तिसऱ्या जागेवर बसली, पश्चिमेला तोंड करून. मी आप्पांच्या शेजारी उभी राहिले. कल्पनानं पाठलाग सुरू केला. खो, खो, खो, एकीमागून एक पोरी उठत होत्या, बसत होत्या, आणि एका कोपऱ्यात कल्पनानंच एकीला गाठलं. बरोबरी झाली. भिंतीवरचे लोक ओरडायला लागले. आता समोर कोठावळे.

वेळ संपत आली होती. पाठलाग फिरून परत कल्पनाकडं आला. कोठावळे सरळ नसीमच्या समोर येऊन थबकली. सकाळी सगळ्यांनी पाहिलं होतं तसंच कल्पनाचं पाऊल आखूड पडलं. मलाही ते दिसलं. एवढ्या गोंगाटात नसीमला ते ऐकू गेलं का, ठाऊक नाही. पण तिची मान ताठ झाली. आणि कोठावळेनं गिरकी घेतली, कल्पना थाप न मारता पुढं धावली.

नसीम बसलेली होती.

आप्पांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी टोचली. गुण मिळाला नव्हता, कुणी बाद झालं नव्हतं, कुणी टाळी वाजवली नव्हती. एक मुलगी फक्त आपल्या जागेवर बसून राहिली होती, आणि त्या सगळ्या मैदानात ते किती मोठं होतं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मग सगळं एकदम झालं. खो फिरत फिरत पुन्हा कल्पनाला मिळाला. कोठावळे परत नसीमच्या समोरून, आता धुळीतून, मावळत्या उन्हातून चाललेली. नसीमच्या डोळ्यांवर थेट ऊन होतं. कल्पना मागून आली आणि घाईत तिनं दोन्ही हात टाकले. दोन्ही खांद्यांवर.

"खो!"

"अगं काय केलंस," आप्पा पुटपुटले.

नसीम जागच्या जागी थिजली. मला वाटलं संपलं. समोर तिला धुळीखेरीज काही दिसत नसणार. तिनं मान जराशी तिरकी केली, एखादी हाक ऐकावी तशी, आणि डावीकडं सुटली. खांबाकडं. धुळीतून कोठावळेची वेणी एकदा दिसली. नसीमनं खांबाला वळसा घेत सूर मारला आणि दोघी मातीत दिसेनाशा झाल्या.

शिट्टी वाजली. पण ती कशाची, ते कळेना. दोन्ही पंच एकमेकांकडं गेले. मिरजेच्या मुली हात वर करून सांगत होत्या, आधी उठली, आधी उठली. तिची ती खोड आता सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. आप्पांची पकड सुटली नव्हती. मोठ्या पंचांनी मान हलवली आणि हात उंचावला. बाद.

त्यानंतर कोण कुणाच्या अंगावर पडलं ते सांगता येणार नाही. नसीमचे वडील मैदानात धावले आणि तिच्या पांढऱ्या बनियनवर ग्रीसचे दोन पंजे उठले. कल्पना रडत रडत म्हणत होती, "दोन्ही हात गेले गं, घाईत दोन्ही गेले."

नसीमच्या कोपरातून रक्त येत होतं. ती गर्दीतून माझ्याकडं आली. "ताई, दोन्ही खांद्यांवर बसली. काय करायचं कळंना. मग म्हटलं आता कान." निवड करणाऱ्यांच्या टेबलावरून तिच्या नावाची हाक आली तेव्हा ती अजून हसतच होती.

घरी येताना मी लूनावर आप्पांच्या मागे बसले. त्यांचा आवाज पार बसला होता. द्राक्षबागांतून गार वारा येत होता. वाटेत भेटेल त्याला ते हात करून "जिंकलो" म्हणायचे आणि आवाज फुटायचा नाही.

"बसून राहिली गं," ते वळून म्हणाले. सूर मारल्याचं नाही, बसून राहिल्याचं.

"पुढं बघा, आप्पा."

थोड्या वेळानं त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग? ठरलं का तुझं?"

ठरलं होतं. नसीमच्या टाचा जमिनीवर राहिल्या त्याच क्षणी. पण वाऱ्यात, त्यांच्या पाठीशी, ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. मला सांगताना त्यांचा चेहरा बघायचा होता. पोस्टात, बँकेत आता काय सांगणार म्हणून ते आधी कपाळाला हात लावतील आणि मग हसतील, ते मला बघायचं होतं.

"सकाळी सांगते," मी म्हटलं.

"सांग सकाळी. चहाला."

रविवारी सराव नव्हता. तरी ते पहाटे झारी घेऊन मैदानावर गेले. लोकांनी माती तुडवली होती, ती त्यांना बघवली नसणार. चहा झाला तरी ते आले नाहीत म्हणून मी बोलवायला गेले. खांबाला पाठ टेकून ते बसले होते. अर्धं मैदान ओलं होतं. झारी शेजारी नीट उभी होती, पाण्यानं भरलेली.

आप्पांचं तेरावं उरकून पुण्याला मी उशिरा गेले आणि शाखेचं नाव एका वाक्यात सांगितलं. पेठेबाईंनी विचारलं, "हीच का?" मी म्हटलं, प्रतिक्रियेच्या वेळावर काम करायचंय. त्यांनी नाव लिहून घेतलं. नंतर नोकरीच्या मुलाखतींत, परिषदांत, शिबिरांत तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं. त्यात आप्पा नव्हते, एवढंच.

गेल्या महिन्यात नसीमनं तासगावला बोलावलं. आप्पांच्या जागी आता ती पोरींना शिकवते. केस पिकलेत, कोपरावरचा व्रण तसाच आहे. मोठ्या स्पर्धा हल्ली मॅटवर होतात, पण सराव ती मातीतच घेते. मी पोचले तेव्हा ती झारीनं पाणी मारत होती.

"ही कामं पोरींना दे की," मी म्हटलं.

"पोरींना काय कळतंय, ताई."

पोरी माझ्याभोवती बसल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, मानसशास्त्रात एवढ्या शाखा असतात, तुम्ही खेळाचीच का घेतली?"

"माणूस किती वेळात प्रतिक्रिया देतो, यावर मला..." मी सुरुवात केली.

"ताई," नसीम मागून म्हणाली. तिनं झारी खाली ठेवली होती. "खरं सांगा की. मी होतो की तिथं."

मैदान अर्धं ओलं होतं. खांब नवा बसवलाय, पण जागा तीच. मी उठून उभी राहिले.

"आप्पा," मी म्हटलं. आवाज लहानच निघाला, समोरच्या पोरींनासुद्धा नीट ऐकू गेला नसावा. मी परत म्हटलं, खांबापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

"आप्पा, ठरलं माझं. मी खेळाचं घेणार."